पाचव्या पंचाची जागा

ज्या मालाला भाव येतो, त्याला मालक फुटतात. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. अमेरिकेतले गोरे आपसात लढायला लागले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या वऱ्हाडातल्या पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, असा भाव आला की शेताच्या ज्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कालपर्यंत गाढव चरत नव्हतं, त्या धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या चढले.

त्याच न्यायाने घरातल्या पोरांनाही मालक फुटले. तेजीच्या आधी पोर आईचं असे. रडलं तर आईचं, हागलं तर आईचं, गोवर निघाला तर नक्कीच आईचं. बापाचा संबंध बारशाला नाव ठेवण्यापुरता आणि पुढे त्याच्या लग्नात रुसण्यापुरता. पण कापसाबरोबर वऱ्हाडातलं पितृप्रेमही चढलं. (दोन्ही एकाच साली चढू लागले, हा योगायोग मानावा.) लहान बोटांनी बोंडातला कापूस झटकन निघतो, ही गोष्ट बापांच्या ध्यानात आली ती याच सुमारास. आणि पोर घरात अडकवून ठेवलं की माहेरी गेलेली बायको आपल्या पायांनी परत येते, हीसुद्धा. वासरू दावणीला बांधलं की गाय कुठे जाते?

असे तंटे वाढले. कचेरीतल्या साहेबाला कापसाच्या गाड्यांखेरीज दुसरीकडे बघायला सवड नव्हती. तेव्हा समाजाची घडी विस्कटू नये म्हणून अमरावतीच्या कापूस बाजारातल्या आम्ही पाच जणांनी एक पंचायत काढली आणि तिला 'कुटुंबसौख्य पंचायत' असं नाव दिलं. सरपंच गोवर्धनशेट, म्हणजे बाजारातले सगळ्यांत मोठे दलाल. दुसरे किसनराव पाटील. तिसरे शालिकरामजी, हे वयाने सगळ्यांत वडील, बैठकीला टेकले की लगेच त्यांचा डोळा लागे, त्यामुळे पक्षपाताचा आरोप त्यांच्यावर कोणी कधी करू शकलं नाही. चौथा मी. पाचवे ताहेरभाई, सरकीचे व्यापारी. त्यांना घेतलं कारण पाचांमुखी परमेश्वर असतो आणि आम्ही चारच होतो.

आमची फैसल्याची रीत बाजारातलीच. कापसाचा सौदा आम्ही तोंडाने करत नाही. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, भाव ठरतो; भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. पंचायतीतही तेच. गोवर्धनशेट मांडीवर उपरणं पसरून बसत. एकेका पंचाने जाऊन आत हात घालायचा. मूल आईला द्यायचं असेल तर एक बोट दाबायचं, बापाला द्यायचं असेल तर सगळा पंजा. कोणी काय दाबलं हे शेटजींखेरीज कोणाला कळत नाही, त्यामुळे घरी गेल्यावर बायकोपुढे मान खाली घालायचं कारण उरत नाही. विलायतेतही इतकी सोयीची रीत नसेल.

मारहाणीच्या बाबतीत पंचायतीने फार खोल विचार केला होता. माराचे आम्ही तीन प्रकार मानले. पहिला शिकवणीचा मार. तो नवऱ्याचा हक्क. दुसरा सवयीचा मार. त्याची बाईला सवय झालेली असते, म्हणून तक्रारीला जागा नाही. तिसरा खरोखरचा मार. पण तो चार भिंतींच्या आत होतो आणि साक्षीदार नसल्याने शाबीत होत नाही. या धोरणाचं फळ असं की पहिल्या सालात आमच्यापुढे आलेल्या सगळ्याच्या सगळ्या बायका नवऱ्याच्या घरी परतल्या. (दोघी विहिरीत सापडल्या. पण विहिरी नवऱ्यांच्याच मळ्यातल्या असल्याने त्या परतल्या असंच आम्ही धरलं आहे.)

आता जानरावाचं प्रकरण. त्यासाठीच एवढं सांगितलं.

जानराव हा अकोल्याच्या वाटेवरच्या एका गावचा तालेवार कास्तकार. काळी कसदार जमीन, दोन बैलजोड्या, डोईला बत्तीस हाती फेटा. शिवाय किसनराव पाटलांचा सख्खा भाचा. (त्यामुळे पाटलांना प्रकरण आतून ठाऊक होतं. इतका जाणकार पंच मिळायला भाग्य लागतं.) त्याची बायको मनकर्णा, आणि पाच वर्षांची एक पोरगी, शकुन. जानरावाने मनकर्णेला मारलं. का मारलं ते पुढे येईलच. मार खाऊन ती पोरीला कडेवर घेऊन निघाली आणि अकोल्याकडे आपल्या विधवा आईच्या, पार्बताबाईच्या, खोपटात जाऊन राहिली.

इथे आमच्या प्रांताबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बाईने स्वतःच्या मनाने घर सोडून जाणं आम्हाला नवीन नाही. रुक्मिणी कौंडण्यपूरची, म्हणजे आमचीच. ती भावाला न विचारता रथात बसून गेली, याचा आम्हाला केवढा अभिमान आहे आणि तिथे केवढी जत्रा भरते! मात्र एकीने ते करून ठेवलेलं असल्याने दुसरीने पुन्हा करायची गरज राहिलेली नाही, असं पंचायतीचं मत आहे.

कार्तिकात जानरावाने फिर्याद गुदरली, की सदरहू मुलगी माझी असून तिच्यावाचून मला घास जात नाही. बैठक गोवर्धनशेटच्या कापसाच्या वखारीत भरली. मनकर्णा खांबाला धरून उभी होती. शकुन तिच्या लुगड्यात तोंड घालून. गोवर्धनशेटनी बाईला विचारलं, नवऱ्याचं घर काहून सोडलं?

"मारते म्हणून," ती म्हणाली.

यावर किसनराव पाटलांनी जो प्रश्न विचारला तो अस्सल पंचाचा प्रश्न होता. ते म्हणाले, "मारते ते ठीक. पण तू केलं काय होतं?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शालिकरामजींची तर आधीपासून डोलत होती. आमच्या पंचायतीत पंचाची लायकी याच प्रश्नावर जोखली जाते. मारल्याचं कानावर पडताच हा प्रश्न ज्याच्या मनात आपोआप उठतो, तो न्याय करायला लायक. तो शिकवून येत नाही. घरच्या संस्कारांतच असावा लागतो.

आणि नेमक्या त्याच वेळी ताहेरभाईंनी पंचायतीची लाज घालवली. ते पुढे झुकून म्हणाले, "बाई, लागलं किती तुले?"

असा प्रश्न पंचायतीत यापूर्वी कोणी विचारला नव्हता. गोवर्धनशेटनी सुपारी कातरायला घेतली.

मनकर्णा म्हणाली, "मह्यं काही नाही, भाई. मह्या पाठीले रोजचंच हाये. पण त्या दिवशी पोरगी मधात आली. त्यायचा हात तिच्या कानावर बसला. तवापासून तिले डाव्या कानानं ऐकू येत नाही. मार मी सात वरसं खाल्ला, घर नाही सोडलं. पोरगीले लागलं त्या दिवशी सोडलं."

हे फारच भावनेच्या भरात बोललेलं असल्यामुळे पंचायतीने पुरावा मागितला. बाईच्या बाजूने एकच साक्ष आली, जैनबबी मणेरीण. ही टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव बांगड्या भरते. ती म्हणाली की या बाईच्या हातात मी सण असो नसो, दर महिन्याला नवा चुडा भरते.

पाटील जागच्या जागी उसळले. "आइका! दर महिन्याले नवा चुडा! आमच्या घरी तं लग्नातला एकच अजून चालून राह्यला. असा हौशी नवरा, अन् त्याच्यावर फिर्याद?"

"अहो पाटील, फुटल्या म्हणून भरल्या ना," जैनबबी म्हणाली. "मनगट सुजेल राहे, मले साबण लावून चढवा लागे."

"बांगडी म्हणजे काच," गोवर्धनशेट समजुतीने म्हणाले. "काच फुटतेच." जैनबबीची साक्ष जानरावाच्या बाजूला जमा धरण्यात आली.

यानंतर मुलीची बानगी घेतली. म्हणजे तिला वखारीच्या मधोमध उभं केलं, एका बाजूला आई, एका बाजूला बाप, आणि ती कोणाकडे जाते ते पाहिलं. शकुन धावत आईकडे गेली. यावरून तिला पढवून आणलं आहे हे उघड झालं. ती बापाकडे गेली असती तर ते रक्ताचं नैसर्गिक प्रेम ठरलं असतं; पण ती गेली नाही, त्याला पंचायत काय करणार? पुन्हा उभी केली. या खेपेला जानराव तिच्या डाव्या हाताला होता. त्याने "शकुन! ए शकुन!" अशा हाका मारल्या. पोरीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आईच्या संगतीत पोर किती हट्टी होते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ताहेरभाई मात्र उगाच आपला डावा कान चोळत बसले होते.

मग उपरणं पसरलं. एकेकाने जाऊन हात घातला. (शालिकरामजींचा हात शेटजींनीच उचलून आत नेला.) फैसला झाला, की मुलगी बापाची, आईला मुलीसोबत राहायचं असेल तर नवऱ्याच्या घराचं दार उघडं आहे. पाटील माझ्या कानाशी म्हणाले, "पाह्यजो, आठ दिवसांत गाय गोठ्यात."

जानरावाने पोरीला उचललं तेव्हा ती ओरडली नाही. मनकर्णेने तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, एवढंच. ते मला ऐकू आलं नाही आणि पंचायतीच्या कामकाजाशी त्याचा संबंधही नव्हता.

ताहेरभाई उठले. आपलं उपरणं काढून त्यांनी बैठकीवर ठेवलं. म्हणाले, "शेट, बाजारात तुमी बोऱ्यामंदी खांद्यापावतर हात घालता. वरच्या कापसावर तुमचा भरवसा नसते; आतून ओला असंल म्हणता. अन् इथं जानरावचा फेटा पाहून मोकळे झाले?" आणि ते गेले ते गेलेच. व्यापारी माणूस इतका हळवा झाला तर सरकी कशी विकणार, असं आम्हाला वाईट वाटलं.

आता फैसला तर उत्तम झाला होता, पण त्यात एक बारीकशी गोष्ट राहून गेली. आम्ही सगळे कापूस विकणारे. तो वेचायच्या आधी काय होतं, हे आमच्या बायका बघतात. त्यामुळे पंचायतीला सीतादह्याची आठवणच राहिली नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या वेचणीच्या दिवशी घरची सुवासिनी शेतात जाते, पराटीच्या बुडाशी पाच खडे मांडून कुंकू लावते, आणि झाडांवर दहीभात शिंपडते. याला सीतादही म्हणतात. ते झाल्याशिवाय वेचणाऱ्या बायका झाडाला हात लावत नाहीत. आणि वेचणी बायकांचीच. पुरुषाने कापूस वेचल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही.

जानरावाचं शेत पांढरं झालं होतं. बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता, भाव रोज नवा निघत होता, आणि गोवर्धनशेटनी तो कापूस मुंबईच्या व्यापाऱ्याला आधीच विकून टाकलेला होता. (हे त्यांनी फैसल्याच्या वेळी बोलून दाखवलं नाही, कारण न्यायात व्यापार आणू नये.) गावातल्या बायका धुऱ्यावर येऊन बसल्या. कापूस वेचायला कमरेला ओट्या बांधलेल्या, पण शेतात पाऊल नाही.

"घरची लक्ष्मी येऊ द्या, दही पडू द्या, मंग वेचू," त्यांची मुकादमीण गोदाबाई म्हणाली.

जानरावाची आई विधवा, ती चालेना. शेजारणीला कुंकू लावून उभं केलं. ते बायकांना चालेना. भटजींना विचारलं, त्यांनी कोणतीही सुवासिनी चालते असा आधार काढून दिला. बायकांनी भटजींना नमस्कार केला आणि बसून राहिल्या. गंमत अशी की आदल्याच साली पलीकडच्या शेतात शेजारणीनेच दही शिंपडलं होतं आणि याच बायकांनी मुकाट्याने वेचणी केली होती. पुढे तिथे गेल्यावर मी तसं म्हणून दाखवलं. पण बायकांची स्मरणशक्ती कमजोर. एकीलाही ते आठवेना.

दोन दिवस गेले. कापूस मातीला टेकायला लागला. गोवर्धनशेट घोड्यावर बसून स्वतः आले, पाठोपाठ बैलांच्या दमणीत पाटील आणि मी. अकोल्याकडे माणूस धाडला. मनकर्णा आली. आली ती घरात गेली नाही. सरळ धुऱ्यावर येऊन त्या बायकांत बसली. आईने, पार्बताबाईने, दहीभाताचं गाडगं सोबत दिलेलं होतं.

"टाक ना बाप्पा दही," जानराव म्हणाला. आवाज बराच मऊ होता.

"पोरगी मह्या ओटीत द्या," ती म्हणाली. "मंग टाकतो."

पाटील गरजले, "पंचायतीचा फैसला हाये!"

"असू द्या ना. मीही कुठं मोडून राह्यली? फैसल्यात पोरगीचं लिवलं हाये, दह्याचं नाही."

पंचायत तिथेच, बोरीखाली, भरवण्यात आली. कापूस डोळ्यांसमोर लोंबत असला की बुद्धी किती चपळ चालते, हे मी त्या दिवशी पाहिलं. अर्ध्या घटकेत आम्हाला असं आढळून आलं की पाच वर्षांच्या मुलीला आईची गरज असते. की शास्त्रालाही ते मंजूर आहे. आणि की आमचा मूळचा अभिप्राय हाच होता. फक्त मान राहावा म्हणून पाटलांनी एक अट घातली. हुकूम असा झाला: सबब, मजकूर मुलगी शकुन ही शेतातील कापसाची वेचणी संपेपर्यंत आईच्या ताब्यात राहावी, वेचणी संपताच बापाकडे रुजू व्हावी.

शकुनला आणलं. मनकर्णेने तिला मांडीवर घेऊन आधी तिचा कान पाहिला, मग केस विंचरले, मग दही शिंपडलं. इतका वेळ कापूस ताटकळत राहिल्याचं वऱ्हाडात दुसरं उदाहरण नसेल. बायका शेतात शिरल्या. मनकर्णाही त्यांच्यात वेचायला लागली, आणि संध्याकाळी वेचलेल्यातला आपला मजुरीचा वाटा ओटीत घेऊन पोरीसह माहेरी चालती झाली. तेजीचा हा एक वाईट परिणाम. बाईच्या ओटीत स्वतःचा कापूस आला की तिला स्वतःची वाटही दिसायला लागते.

पहिली वेचणी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. फाल्गुनात जानराव पंचायतीत आला. वेचणी संपली, पोरगी द्या. आम्ही गोदाबाईला बोलावलं.

"संपली कुठं?" ती म्हणाली. "एक झाड राह्यलं हाये ना. तिकडे कोपऱ्यात."

खरंच राहिलं होतं. शेतात जाऊन पाहिलं तर सगळी पराटी खंगलेली, आणि धुऱ्याजवळ एका झाडावर एक बोंड फुटून शाबूत. वेचायला सांगितलं तर एकीची कंबर दुखत होती, दुसरीची सून बाळंत व्हायची होती, तिसरीला रिद्धपूरला देवाला जायचं होतं. शेजारच्या गावातून बायका आणल्या, तर त्यांनाही ऐन शेतात आल्यावर घरची कामं आठवली. झाड उपटून टाकता येत नव्हतं; ती वेचणी संपल्याची नव्हे, अर्धवट सोडल्याची खूण झाली असती. हुकूम आमचाच होता, तेव्हा तो मोडायचा कोणी?

तिकडे अमेरिकेतली लढाई थांबली आणि भाव असा कोसळला की बाजारातल्या अर्ध्या वखारी कुलपात गेल्या. मुंबईचा व्यापारी बुडाला, गोवर्धनशेटनी घोडा विकला. कोणी म्हणेल, आता जानरावाला पोरीचं काय? पण पितृप्रेम कापसासारखं उतरत नाही. निदान गावात नाक कापलं गेलेल्या माणसाचं तरी नाही. एके दिवशी जानराव स्वतः शेतात गेला, त्याने ते बोंड स्वतःच्या हाताने वेचलं, आणि मुठीत धरून वखारीत येऊन उभा राहिला.

"घ्या. संपली वेचणी. हा कापूस, अन् आता मही पोरगी."

प्रश्न मोठा नाजूक आहे. पुरुषाने वेचलेलं बोंड ही वेचणी धरायची की नाही? आम्ही उपरणं पसरलं. पंच आता चारच, आणि चारांमुखी परमेश्वर असतो की नाही याबद्दल शास्त्र गप्प आहे. शेटजींनी सगळ्यांचे हात चाचपून सांगितलं, दोन बोटं आणि दोन पंजे. (माझं काय होतं ते विचारू नका. उपरणं त्यासाठीच असतं.) ताहेरभाईंकडे माणूस धाडला, त्यांनी निरोप दिला की लागलं किती ते आधी सांगा. म्हणजे ते काही येत नाहीत. तेव्हापासून प्रकरण तहकूब आहे, आणि पाचव्या पंचाची जागा रिकामी आहे.

एवढं सगळं तुम्हाला सांगितलं ते याच कारणासाठी. ती जागा तुम्ही घ्यावी असं मला वाटतं. नाही, नाही, मागे सरू नका. तुमची लायकी मी केव्हाच जोखली आहे. जानरावाने का मारलं ते पुढे येईल, असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. ते आलं नाही. त्याआधीच दोन बायका विहिरीत गेल्या होत्या, मग एका पोरीचा कान गेला, एका बाईच्या सुजल्या मनगटावरून साबण लावून चुडा चढवला, आणि तरी तुम्ही त्या कारणाची वाट बघत होतात. पण तिने केलं काय होतं? हाच तो प्रश्न. तुम्हालाही तो कोणी शिकवला नव्हता.

या, बसा. ताहेरभाईंचं उपरणं तिथेच ठेवलेलं आहे, ते खांद्यावर घ्या. शेटजींनी मांडीवर कापड पसरलेलं आहे. मनकर्णा दाराबाहेर पायरीवर बसली आहे, शकुन तिच्या मांडीवर. पोरीचा चांगला कान आपल्या बाजूला आहे, तेव्हा बोलू नका. नुसता हात आत घाला. कोणी बघत नाही.